सही माझ्या नावावर नको

५ जानेवारी

कितीबाई,

आशीर्वाद. किती, ते तूच मोज. लहानपणी सगळ्या गोष्टीला ‘किती?’ विचारून माझं डोकं खाल्लंस, म्हणून तर हे नाव पडलं.

तुझं पत्र जिन्यात वाचून झालं. मी तिसऱ्या पायरीवर, वरची नर्सबाई पाचव्या पायरीवर, समोरची बेकरीवाली दारात, आणि शिंपी त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहून वाचत. बसून वाचलं तर त्याचा आवाज पोटातच राहतो. पत्र सगळ्यांना आवडलं, पण तू नेमकं काम काय करतेस ते कुणालाच कळलं नाही. बेकरीवाली म्हणते, नदीवरच्या बोटी मोजतेस. नर्सबाई म्हणते, बोटींना तपासतेस, ताप आहे का बघतेस. मी गप्प बसले, कारण नात साहेबीण झाली आणि आजीला तिचं काम माहीत नाही हे चारचौघांत कशाला?

फोनवर विचारलं की ‘बरं चाललंय’ म्हणतेस. बरं चाललंय हे तर दवाखान्यात सलाइन लावलेला माणूसही म्हणतो. तर नीट लिही. मी सांगते, शिंपी लिहितो, तू उत्तर दे. एवढं तरी कर.

तुझी आजी

(आजींनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. माझ्या आवाजाबद्दलचं मत त्यांचं. – शिंपी)


१७ जानेवारी

आजीस आणि सगळ्या जिन्याला नमस्कार,

नर्सबाई जिंकल्या. मी बोटी तपासते. हातात एक लहान हातोडी असते, ती बोटीच्या तळाच्या पत्र्यावर ठोकत जायचं आणि ऐकायचं. चांगला पत्रा खणखणतो. गंजलेला ठक् म्हणतो. आणि काही जागा काहीच म्हणत नाहीत, तिथे भोकाला आतून सिमेंट थापून वरून रंग दिलेला असतो. मग बोटीच्या अंगावरची पांढरी रेघ बघायची. माणसं भरल्यावर बोट त्या रेघेपर्यंतच बुडायला हवी, वर नाही. सगळं ठीक असेल तर वर्षाच्या दाखल्यावर माझी सही. सही नसेल तर बोट बंद.

इथे एक मोठी लाँच आहे. पलीकडच्या काठावरच्या गिरणीत जाणारी तीनशे माणसं रोज तिच्यातून जातात. तिचा तळ तीन जागी गप्प आहे. आणि पांढरी रेघ कुणीतरी वीतभर वर सरकवली आहे; जुन्या रेघेचा उंचवटा रंगाखाली बोटाला लागतो. दाखला एकतीस मार्चला संपतो.

लाँच कागदावर तिच्या सुकाणूवाल्या म्हाताऱ्याच्या नावावर आहे. पण खरा मालक कोण हे घाटावरच्या मांजरालाही माहीत आहे. त्याला सगळे ‘काका’ म्हणतात. हमाल, टपऱ्या, गाड्या लावायची जागा, सगळं काकांना विचारून. काका स्वतः येऊन गेले. खूप गोड बोलले. म्हणाले, “पोरी, सही म्हणजे काय गं, शाईचा एक थेंब.” आमचे साहेब म्हणतात, “बाई, चार वर्षं तरंगतेय ना ती? मग?”

आजी, एक सांगायचं होतं. यंदा थंडी फार आहे आणि आपला जिनाही धड नाही. तू तीन-चार महिने आत्याकडे जाऊन राहा ना. मला बरं वाटेल.

तुझी किती


२ फेब्रुवारी

कितीबाई,

थंडी? अगं, मी पंखा लावून बसले आहे. आणि जिना गेली तीस वर्षं धड नाही, तुला तो आत्ताच आठवला?

मी बराच विचार केला. मला आत्याकडे घालवायची घाई झाली आहे, म्हणजे घर रिकामं हवं आहे. घर रिकामं हवं आहे, म्हणजे कुणीतरी आहे. तर त्याला सरळ घेऊन ये. मी त्याला खाणार नाही. दात तरी कुठे आहेत? नर्सबाईने आत्ताच विचारलंय, बोटीवरचा आहे की ऑफिसातला. आम्ही दोन्हीला तयार आहोत.

आणि तुझा तो काका! कुणाचा काका, कुणाला ठाऊक. शाईचा थेंब म्हणतो, तर स्वतःच्या घरी सांडून घे म्हणावं.

पण तुझ्या ऑफिसातली मुलं मात्र गुणी हो. परवा दोघं आले होते. म्हणाले, “आजी, ताई आमच्या साहेब, इकडे कामाला आलो होतो, म्हटलं बघून जावं.” केवढ्या आस्थेने चौकशी! जेवण कोण करतं, औषधं कोणती, दवाखान्यात कधी जाता. म्हटलं, दर गुरुवारी, एकटी जाते, कुणाच्या कुबड्या लागत नाहीत, अकराला घरी परत. एकाने तर स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलून दिला. तीन महिने टपकत होता तो, शिंप्याला सांगून सांगून थकले. चहा घेतला, दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि गेले. तुला दाखवतील म्हणाले. मी पदर नीट केला होता, बघ दिसतोय का.

तुझी आजी

(नळाचं काम माझं नाही, मी शिंपी आहे. त्या दोघांपैकी एकाचं कापड भारी होतं, पण शिलाई भिकार. – शिंपी)


११ फेब्रुवारी

आजीस नमस्कार,

फोटो मिळाला. पदर अगदी नीट दिसतोय. कुणी मुलगा वगैरे नाही, नर्सबाईंना निराश केल्याबद्दल माफी. काम छान चाललंय. लाँचचंही मिटेल. आत्याचा फोन येईल तुला, तिला एकटं वाटतंय, तिच्यासाठी तरी जा. दवाखाना तिच्याकडेही जवळ आहे.

तुझी किती


(दुसरा कागद)

शिंपीमामा,

हा कागद आजीला वाचून दाखवू नका.

ती मुलं माझ्या ऑफिसातली नाहीत. माझ्या ऑफिसात साहेब, मी आणि एक कपाट आहे. आजीचा तो फोटो सोमवारी दुपारी माझ्या फायलीत होता, लाँचच्या दाखल्याच्या कोऱ्या कागदाला टाचलेला. मागे लिहिलं होतं, ‘गुरुवार, अकरा.’

मी पोलिसांत गेले. तिथल्या माणसाने फोटो उलटसुलट बघितला आणि विचारलं, “बाई, यात धमकी कुठे आहे? छान आलाय की फोटो.”

ती दार उघडून चहा देत होती, मामा, आणि मी इथे पत्र्यावर हातोडी ठोकत होते. मी ठरवलंय. एकतीस मार्चला सही करून टाकते आणि बदली मागते. त्या तीनशे जणांची नावं मला माहीत नाहीत, असं स्वतःला सांगते. पण चेहरे माहीत झालेत, त्याला काय करू? आजी असेपर्यंत माझ्याने दुसरं काही होणार नाही.

तिला काही करून आत्याकडे पोहोचवा. आणि गुरुवारी तिच्याबरोबर जा.

किती


२१ फेब्रुवारी

कितीबाई,

आज आशीर्वाद शेवटी. आधी भांडण.

मला अक्षर येत नाही, पण पाकिटातून कागद किती निघाले ते दिसतं. दोन निघाले. शिंप्याने वाचला एक. दुसऱ्याच्या वेळी त्याला खोकला आला आणि कागद खिशात गेला. म्हटलं, खोकला काढ बाहेर. म्हणाला, “आजी, ती कापडाची पावती आहे.” म्हटलं, माझी नात तुला कापड कधीपासून विकायला लागली? तरी हलेना. मग मी त्याच्या मशीनपुढच्या स्टुलावर जाऊन बसले. बसले म्हणजे बसलेच. त्याला शाळेचे चाळीस गणवेश द्यायचे होते. तासाभरात कागद बाहेर आला. जिन्यातच वाचून घेतला, सगळ्यांसमोर.

मला आधी तो नळ आठवला. अजून टपकत नाही मेला. गुरुवार मीच सांगितला, अकराही मीच सांगितले, वर फोटोसाठी पदर सारखा केला. ‘मला काय, मी पिकलं पान’ असं म्हणणारी म्हातारी मी नाही. मला अजून खूप बघायचंय. मी घाबरले, तसंच लिही म्हणून शिंप्याला सांगितलंय.

पण मला एक सांग. तराजूच्या एका पारड्यात तीनशे माणसं आणि दुसऱ्यात मी. मला पारड्यात बसवताना निदान हाक तरी मारायचीस! मी म्हणाले असते, बाई, माझं वजन एवढं नाही.

सही करू नकोस असं मी म्हणणार नाही. लांब बसून शूर होणं सोपं असतं. जमत नसेल तर नोकरी सोड आणि ये घरी, शिंप्याकडे काजं-बटणं कर, मी कुणाला तोंड वर करून बोलू देणार नाही. पण सही केलीसच, तर ती तुझ्या भीतीच्या नावावर कर. माझ्या नावावर नको. उद्या ती बोट बुडाली तर तीनशे घरं विचारतील, कुणामुळे? आणि तू म्हणशील, आजीमुळे. मी आजवर कुणाची बशी फोडलेली नाही, आणि तू माझ्या हाताने बोट बुडवायला निघालीस.

आता नीट ऐक. मला उभ्या आयुष्यात एकही गुपित पत्र आलेलं नाही. तुझे आजोबा परगावी कामाला होते, तेव्हा त्यांची पत्रं कोपऱ्यावरचा दुकानदार वाचायचा. दोन शब्द प्रेमाचे असले तर तेही त्याच्या तोंडून, साबण आणि काडेपेटीच्या सुरात. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्यात एक झालं. मला एकटीला गाठून कधी कुणी काही सांगू शकलं नाही. जे यायचं ते चारचौघांतून यायचं. तुमच्या त्या काकाचं सगळं दुकान माणसाला एकटं गाठण्यावर चालतं. तुला टेबलापाशी एकटीला, मला दारात एकटीला. दोघी एकमेकींपासून लपवत बसलो, म्हणजे त्याचं अर्धं काम आपणच केलं.

मंगळवारी ती दोघं पुन्हा आली. या वेळी मी आत नव्हते, जिन्यातच होते, आणि जिना भरलेला होता. बेकरीवालीने विचारलं, “नाव काय रे तुझं?” नर्सबाईने विचारलं, “कुठल्या ऑफिसात? फोन लावू का?” खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने तर एकाचा हात धरून “तू अमक्याचा मुलगा ना?” म्हणत दहा मिनिटं सोडलाच नाही. त्याला नीट दिसत नाही, पण पकड चांगली आहे. एवढी चौकशी त्यांच्या आईनेही केली नसेल. घाम फुटला दोघांना. पाणीसुद्धा न मागता गेले.

ते बोलत असताना शिंपी मशीनवर मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, घाबरला. पण तो वहीत मापं लिहीत होता. नुसत्या नजरेने. छाती किती, बाही किती, एकाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला, दुसऱ्याचा उजवा गुडघा बाहेर झुकतो. नर्सबाई आणि तो ती वही घेऊन इथल्या चौकीत गेले. तिथली पोलीसबाई आधी हसली, मग हसायची थांबली आणि म्हणाली, “उतरलेला खांदा? जरा थांबा हं.”

मी आत्याकडे जाणार नाही. आत्यालाच इकडे बोलावलंय. घोरते ती, पण दार राखायला घोरणं चांगलं.

आता आशीर्वाद घे. आणि तुला काय करायचं ते तू ठरव. मी रागावणार नाही. म्हणजे थोडी रागावेन.

तुझी आजी

(मी वाचायला नको होतं. पण आजी उठेनात. वहीतल्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे. – शिंपी)


२९ मार्च

आजी,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. दोनदा राजीनामा लिहिला. एकदा सहीसुद्धा करायला बसले. पेन टेकवलं आणि तुझं ‘माझ्या नावावर नको’ आठवलं. मग दुसरं कुणाचं नाव घालू ते सुचेना.

आमच्याकडे एक नियम आहे. दाखला नाकारला तर त्याचं कारण तिकीट खिडकीवर चिकटवायचं. सगळे ‘तांत्रिक कारणास्तव’ असं लिहून मोकळे होतात. मी सगळं लिहिलं. तळाच्या तीन जागा, सरकवलेली रेघ, काका कधी आले, काय म्हणाले, तुझा फोटो, मागचे दोन शब्द, शिंपीमामांची मापं. खाली माझं नाव आणि सही. मग लक्षात आलं, त्या तीनशे जणांतल्या कितीतरी जणांना वाचता येत नाही. तेव्हा काल दुपारच्या पाळीला खिडकीशेजारच्या खोक्यावर उभी राहिले आणि मोठ्याने वाचून दाखवलं. शिंपीमामांसारखा आवाज लागेना.

तुला वाटेल, टाळ्या पडल्या. नाही. एकजण ओरडला, “आता पलीकडे काय तू खांद्यावर नेणार?” एक बाई रडायला लागली, तिचा खाडा झाला असता. रस्त्याने वळसा घालून जायला दीड तास लागतो. साहेब मागून हळूच म्हणाले, “बाई, उतरा खाली.” काकांची चार माणसं टपरीपाशी उभी होती, ती नुसती बघत होती.

तेवढ्यात सुकाणूवाला म्हातारा पुढे आला. कधी फारसा बोलत नाही तो. म्हणाला, “रेघ मी सरकवली. मला सांगितलं, मी सरकवली. चार वर्षं मी हिला उथळ पाण्यातून वळवून नेतो, बुडालीच तर पाय टेकावेत म्हणून.” माझ्या हातातली हातोडी घेतली, लाँचच्या तळात उतरला आणि त्या गप्प जागेवर एकच घाव घातला. सिमेंटचा गोळा निघून पडला. आणि पाणी आलं, आजी. बोटाएवढी धार, सरळ आत. तीनशे माणसं ती धार बघत होती.

मग तो वर आला आणि टपरीकडे बघून म्हणाला, “कागदावर मालक मी आहे ना? बुडाली असती तर तुरुंगात मीच गेलो असतो ना? मग दुरुस्तपण मीच करणार. माझी बोट आहे.” कुणीतरी त्याच्या शेजारी जाऊन उभं राहिलं. मग आणखी कुणी. मला ओरडणारा माणूस खिडकीजवळ आला आणि म्हणाला, “ताई, ते फोटोचं पुन्हा वाचा.” मी पुन्हा वाचलं. या वेळी टपरीपाशी दोनच माणसं उरली होती.

आज सकाळी साहेबांनी कपाटातून जुनी फाइल काढून माझ्या टेबलावर ठेवली. आधीच्या चार वर्षांचे दाखले. “लागतील तुम्हाला,” म्हणाले आणि डबा खायला गेले. पोलिसांनीही जबाब घेतला. या वेळी कुणी फोटो छान आलाय म्हणालं नाही.

मला अजून भीती वाटते. दार दोनदा बघते. पण काल खूप दिवसांनी जेवण गोड लागलं.

तुझी किती


१२ एप्रिल

कितीबाई,

तुझं पत्र जिन्यात तीनदा वाचून झालं. तिसऱ्यांदा बेकरीवालीने दुकान अर्धं बंद करून ऐकलं. धार आली तिथे शिंपी थांबला आणि पाणी प्यायला. आम्ही सगळेच प्यायलो.

इकडची खबर अशी. ते दोघं सापडले. शिंप्याला चौकीत बोलावून पाच जणांतून ओळखायला सांगितलं. सगळ्यांनी सारखेच शर्ट घातले होते म्हणे. तो म्हणाला, “शर्ट कशाला बघू, खांदा बघतो.” बरोबर निघाला. तेव्हापासून त्याने शिलाईचे दर वाढवलेत. आता ते दोघं कुणी पाठवलं ते सांगताहेत. काकाला धरलं होतं, पण तो जामिनावर बाहेर आलाय, हे मला कळलंय. तू लिहिलं नाहीस. पुन्हा लपवलंस तर मी शिंप्याच्या स्टुलावर नाही, थेट तुझ्या ऑफिसातल्या त्या कपाटावर येऊन बसेन.

गुरुवारी नर्सबाई माझ्याबरोबर येते. एक पाऊल एकटीला टाकू देत नाही. वैताग आहे. आत्या घोरते. सगळं मिळून घरात झोप नाही आणि भीतीलाही जागा नाही, असं झालंय. थोडी आहे अजून, कोपऱ्यात. असू दे.

सुकाणूवाल्या दादांना माझा नमस्कार सांग. तळाला नवे पत्रे घालायला जूनपर्यंत वेळ लागेल, असं तू फोनवर म्हणालीस. गिरणीवाल्यांनी तोवर वळशाच्या रस्त्यावर बस लावली हे फार चांगलं केलं. त्या रडणाऱ्या बाईचा खाडा भरून दिला का, ते विचार.

आणि मी जूनमध्ये येते आहे. शिंप्याने नको म्हटलं, आत्याने नको म्हटलं, डॉक्टरने हवा बदलायला काही हरकत नाही म्हटलं. मी तिघांतलं एकच ऐकलं. ती लाँच पाण्यात उतरली की पहिल्या फेरीला मी बसणार. तिकीट काढून, पुढच्या बाकावर. मला पोहता येत नाही, पाण्याची मला पहिल्यापासून धास्ती आहे, हे तुला माहीत आहे. तरी बसणार. सही तुझी, बसणार मी.

पण घाई करू नकोस. आजी येऊन बसली आहे, म्हणून लवकर उरकून टाकू नकोस. पुन्हा पुन्हा तपास. खात्री होईना, तर सही करू नकोस. मी काठावर थांबेन. तू कामात असशील, मी तुझ्याकडे बघत बसेन. मला कुठे दुसरं काम आहे?

तुझी आजी